खटल्याविना कोठडी: पुण्याचे नातू आणि घटनेतला अनुच्छेद २२

पुण्याच्या स्थानिक पानावर अधूनमधून एक बातमी येते: अमुक सराईत गुन्हेगारावर एमपीडीए (धोकादायक कारवायांना प्रतिबंध करणारा कायदा), एक वर्षासाठी स्थानबद्ध. गुन्हा शाबीत झाल्याचं त्यात नसतं, कारण हा माणूस पुढे काही करू नये म्हणून आधीच आत ठेवलेला असतो. कायदा राज्याचा, १९८१ चा. युक्ती मात्र कंपनी सरकारची.

मुंबई इलाख्यात ती १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने, म्हणजे कंपनीच्या कायद्याने, आली आणि पुण्याला तिचा चटका बसला १८९७ साली. प्लेगसाठी त्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला (२०२० च्या मार्चमध्ये करोनासाठी राज्याने काढला तो हाच). मार्चपासून प्लेग अधिकारी रँडसाहेबाचे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले, बुटांसकट माजघरात, देवघरात. साथ खोटी नव्हती, माणसं पटापट मरत होती. म्हणूनच सरकारला कुणी अडवू शकत नव्हतं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला चालला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना तेवढंही मिळालं नाही. जुलैत त्याच रेग्युलेशनखाली उचललं, मालमत्तेवर जप्ती आली, १८९९ मध्ये सुटेपर्यंत खटला म्हणून चाललाच नाही.

स्वराज्यात ही तरतूद जाईल असं कुणालाही वाटलं असतं. ती थेट घटनेत आली. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढंच संरक्षण उरल्यावर घटना समितीत ओरड झाली, तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ ला आंबेडकरांनी आजचा अनुच्छेद २२ भरपाईदाखल मांडला. अटकेचं कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. स्थानबद्धाला यातलं कारण तेवढं कळतं, म्हणणं मांडता येतं, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो.

आणीबाणीत मिसाखाली (अंतर्गत सुरक्षेच्या स्थानबद्धता कायद्याखाली) येरवडा तुरुंग भरला. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना न्यायालयाचं दार बंद केलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीच्या कक्षेबाहेर काढले. त्याच दुरुस्तीत अनुच्छेद २२ मधल्या तीन महिन्यांचे दोन करणारं कलमही मंजूर झालं. ते लागू करायची अधिसूचना अजून निघालेली नाही.