सोनोमाच्या ओकवनात वाटाड्याशिवाय प्रवेश का नाही

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा खोरं आहे. तिथल्या ग्लेन एलन गावालगत बुव्हरी प्रिझर्व्ह हे ५३५ एकरांचं राखीव रान आहे. मनात आलं आणि शिरलो, असं तिथे चालत नाही. आधी नाव नोंदवायचं आणि प्रशिक्षित स्वयंसेवक वाटाड्यासोबतच फिरायचं. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, अनेकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो अगदी योग्य वाटतो, आणि त्याचं कारण या जंगलाच्या इतिहासात आहे.

ही ओकवनं माणसाचा हात न लागता वाढलेली नाहीत. वाप्पो, कोस्ट मिवोक आणि पोमो या इथल्या मूळ रहिवाशांचं मुख्य अन्न म्हणजे ओकची फळं, एकॉर्न. ती कुटायची, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन कडवटपणा काढायचा आणि मग शिजवायची. झाडांखालचं रान ते ठरावीक काळाने जाळत. त्यामुळे झुडपं माजत नसत, फळं वेचणं सोपं जाई आणि साठलेल्या पाचोळ्याचा वणवाही होत नसे. १८५० साली कॅलिफोर्नियाने मूळ रहिवाशांविषयी जो कायदा केला, त्यात गवताळ रानाला आग लावणं दंडनीय ठरलं. त्याच कायद्याने या लोकांना सक्तीच्या मजुरीला जुंपण्याची वाटही मोकळी करून दिली. जंगल राखणारी माणसं अशी जमिनीपासून तोडली गेली.

मग गुरं आली, जळणासाठी तोड झाली, पुढे द्राक्षमळे पसरले. युरोपातून आलेलं वर्षायू गवत वसंतातच मातीतली ओल शोषून घेतं, त्यामुळे ब्लू ओक या इथल्या ओकच्या जातीची रोपं तग धरेनाशी झाली. अनेक ठिकाणी जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या मागे तरुण पिढीच नाही. शिवाय राज्यातली बहुतेक ओकवनं खाजगी मालकीची. ती वाचवायला सरकारी अभयारण्यं पुरेशी पडणार नव्हती, मालकांचीच साथ हवी होती.

ती साथ इथे मिळाली. ब्रिटनमध्ये जन्मलेले वास्तुविशारद डेव्हिड बुव्हरी यांनी १९३८ मध्ये ही जमीन घेतली होती. १९७९ मध्ये त्यांनी ती ऑड्युबन कॅन्यन रँच या संस्थेला दान केली. बोलिनास खाजणाकाठची बगळ्यांची वसाहत महामार्ग आणि मरीनाच्या, म्हणजे खाजगी बोटींच्या बंदराच्या, आराखड्यांपासून वाचवण्यासाठी डॉ. मार्टिन ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही संस्था उभी केली होती. जमीन विकत घेऊन भागत नाही, ती जपणारी माणसंही घडवावी लागतात, हे तिने ओळखलं. म्हणून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन शाळकरी मुलांना रानात नेण्याचा उपक्रम बुव्हरीतही रुजला. या सगळ्या कामात मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

वाटाडे पायवाट सोडू देत नाहीत, त्यामागे आणखी एक कारण आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर शेजारच्या मरीन काउंटीत टॅनओक या ओकच्या नात्यातल्या वृक्षाची झाडं अचानक वाळू लागली. २००० साली त्यामागच्या ‘फायटॉफ्थोरा रॅमोरम’ या बुरशीसारख्या रोगकारकाचा शोध लागला. तो कोस्ट लाइव्ह ओक या ओकच्या जातीलाही मारतो. बे लॉरेल या तिथल्या झाडाच्या पानांवर तो वाढतो, आणि बुटांच्या चिखलातूनही दूरवर जाऊ शकतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘नन्स’ नावाच्या वणव्यात बुव्हरीचा बहुतांश भाग होरपळला, काही इमारतीही गेल्या. जाड सालीच्या कित्येक ओकांना मात्र पुढे नवी पालवी फुटली. आगीबद्दल अभ्यागतांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. आता ही संस्था ‘फायर फॉरवर्ड’ या उपक्रमातून जमीनमालकांना आणि स्वयंसेवकांना नियंत्रित जाळणी शिकवते. १८५० मध्ये जे काम गुन्हा ठरवलं गेलं, त्यासाठी आज सोनोमात प्रशिक्षणवर्ग भरतात.