गॅरेजच्या दाराचे सुरक्षा सेन्सर

मोटरवर चालणारे गॅरेजचे दार खाली येत असताना त्याखाली मूल, माणूस, पाळीव प्राणी किंवा वस्तू सापडू नये म्हणून दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीलगत, समोरासमोर बसवलेली उपकरणांची जोडी. एक उपकरण (सेंडर) डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडते, दुसरे (रिसीव्हर) तो टिपते. दार बंद होताना किरण अडला की मोटर दार उलट फिरवून पूर्ण उघडते. दार वर जात असताना मात्र किरण अडला तरी काही होत नाही.

हे सेन्सर प्रामुख्याने अमेरिकेतील निवासी गॅरेजांमधले. तिथे दोन गाड्यांच्या गॅरेजचे पोलादी दार सहज दीडशे पौंडांच्या पुढे जाते. त्याखाली सापडून लहान मुले दगावल्याच्या घटनांनंतर १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कायदा केला. त्यानुसार १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक निवासी ओपनरला, म्हणजे दार चालवणाऱ्या मोटरला, अडथळ्याला टेकताच आपोआप उलट फिरण्याच्या मूळ सोयीखेरीज संरक्षणाची दुसरी स्वतंत्र सोय असणे बंधनकारक झाले. ही सोय म्हणजे एकतर किरणाचे सेन्सर किंवा दाराच्या खालच्या कडेला लावलेली दाबसंवेदी पट्टी. घराघरांत रुळले ते किरणाचे सेन्सर. ‘यूएल ३२५’ या अमेरिकी सुरक्षा मानकात त्यांच्या चाचण्या दिलेल्या आहेत. सेन्सर जोडलेले नसतील किंवा बिघडले असतील तर ओपनर ते ओळखतो आणि रिमोटने दार बंद करू देत नाही. भिंतीवरचे बटण सतत दाबून धरले तरच दार खाली येते.

उंची : किरण जमिनीपासून ६ इंचांपेक्षा (सुमारे १५ सें.मी.) वर असता कामा नये. माप ब्रॅकेटच्या तळापासून न घेता लेन्सच्या मध्यापासून घ्यावे. जमिनीवर आडवे पडलेले किंवा रांगणारे मूल किरणाच्या खालून निसटू नये, हे या मर्यादेमागचे कारण. फार खाली बसवूनही चालत नाही, कारण ४ इंचांच्या खाली पालापाचोळा, बर्फ आणि झाडलोटीची धूळ लेन्सवर येते. म्हणून ४ ते ६ इंच हा पट्टा धरतात. उंचीच्या या हिशेबात एक उणीवही आहे. पिकअपसारखी उंच गाडी उंबऱ्यावर उभी असेल तर किरण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधून आरपार जातो आणि दार खुशाल गाडीवर उतरते. तिथे उपयोगी पडते ती टेकताच उलट फिरण्याची सोय. सेन्सर बसवले म्हणून त्या सोयीची तपासणी टाळता येत नाही.

रिसीव्हर कोणत्या बाजूला : हा निर्णय बसवण्याआधी घ्यायचा असतो आणि नेमका तोच बहुतेकदा घाईत होतो. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असते. ऊन थेट रिसीव्हरच्या लेन्समध्ये शिरले की त्याला किरण वेगळा ओळखता येत नाही. सेंडरवर ऊन पडल्याने काही बिघडत नाही. म्हणून रिसीव्हर सावलीच्या बाजूला हवा. दार पूर्वेला किंवा पश्चिमेला उघडत असेल तर किरण दक्षिणोत्तर जातो. अशा वेळी रिसीव्हर दक्षिणेकडच्या चौकटीवर, उत्तरेकडे तोंड करून बसवावा, म्हणजे हिवाळ्यातले दक्षिणेकडे झुकलेले ऊन त्याच्या पाठीमागे राहते. दार दक्षिणेला असेल तर सकाळचे ऊन त्रास देते की संध्याकाळचे, हे झाडे आणि शेजारची घरे पाहून ठरवावे. ‘सकाळी दार नीट लागते, संध्याकाळी पाच वाजता लागत नाही’ ही तक्रार ऐकताच नवे सेन्सर मागवण्याआधी दोघांची अदलाबदल करून पाहावी. दोन्ही उपकरणे ओपनरच्या त्याच दोन टर्मिनलांना जोडलेली असतील तर फक्त जागा बदलावी लागते, वायरिंग तसेच राहते.

बसवणे : संचात सेंडर, रिसीव्हर, दोन ब्रॅकेट, पाव इंची बोल्ट, हाताने आवळायचे विंगनट, दोन तारांची बेल वायर आणि इन्सुलेटेड स्टेपल असतात. सुरुवातीला ओपनरचा प्लग काढावा. ब्रॅकेट दाराच्या उभ्या ट्रॅकच्या कडेला अडकवता येतात किंवा लाकडी चौकटीवर स्क्रूने घट्ट बसवता येतात. ट्रॅकवर काम लवकर उरकते, पण दार चालताना ट्रॅक थरथरतो आणि पातळ पत्र्याचा असेल तर सेन्सरही हलतो. चौकट जवळ असेल तर चौकटच बरी. दोन्ही उपकरणे दारापासून आत सारख्याच अंतरावर आणि सारख्याच उंचीवर हवीत. मधल्या सरळ रेषेत ट्रॅक, बिजागरी, रोलर किंवा दाराचा कोणताही भाग येता कामा नये. एका लेन्सपासून दुसऱ्या लेन्सपर्यंत दोरी ताणून पाहिली की चूक लगेच दिसते.

वायर भिंतीवरून आणि छतावरून ओपनरपर्यंत न्यावी, ट्रॅक आणि स्प्रिंगपासून लांब ठेवावी. टोके सुमारे ११ मि.मी. सोलावीत. चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर या ब्रँडच्या ओपनरांच्या नेहमीच्या जोडणीत पांढरी तार पांढऱ्या टर्मिनलला, तर काळ्या पट्ट्याची पांढरी तार करड्या टर्मिनलला जाते. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात. एका कंपनीचा सेंडर आणि दुसरीचा रिसीव्हर अशी जोडी सहसा जमत नाही, कारण किरणाची स्पंदने प्रत्येकाची वेगळी असतात.

जुळवणी : वीज सुरू केल्यावर याच दोन ब्रँडच्या संचात सेंडरवर पिवळसर आणि रिसीव्हरवर हिरवा दिवा लागतो. पिवळा दिवा फक्त वीज पोचल्याचे सांगतो, किरण जुळल्याचे हिरवा सांगतो. विंगनट सैल करून रिसीव्हर हळूहळू फिरवावा. हिरवा दिवा स्थिर आणि ठळक झाला की तिथेच न थांबता अजून थोडे फिरवून तो कुठे विझतो ते दोन्ही बाजूंनी पाहावे आणि मधोमध आणून नट आवळावा. काठावर जुळवलेला सेन्सर दार उघडे असताना ठीक दिसतो आणि दार उतरू लागताच थरथरीने किरण गमावतो.

चाचणी : उघड्या दाराखाली खोके ठेवून किरण अडवावा आणि रिमोट दाबावा. दार इंचभराहून अधिक हलता कामा नये. दार खाली येत असताना किरणात वस्तू सरकवूनही पाहावे. मग किरणाच्या खाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार तिच्यावर उतरू द्यावे. टेकताच ते उलट फिरले पाहिजे. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी.

बिघाड : दार उघडते पण रिमोटने लागत नाही, ओपनरचा दिवा लुकलुकतो आणि भिंतीवरचे बटण दाबून धरले की मात्र लागते, अशी लक्षणे दिसली की दोष जवळजवळ नक्कीच सेन्सरच्या बाजूला असतो. आधी लेन्सवरचे कोळ्याचे जाळे, दव आणि धूळ पुसावी. नंतर सायकलचा किंवा कचऱ्याच्या डब्याचा धक्का लागून ब्रॅकेट वाकला आहे का ते पाहावे. दोन्ही दिवे बंद असतील तर वायर पाहावी. स्टेपल तारेत घुसणे, उंदराने कुरतडणे आणि जमिनीजवळच्या जोडाला गंज चढणे ही नेहमीची कारणे. मल्टिमीटरवर टर्मिनलांत साधारण ५ ते ६ व्होल्ट डीसी मिळायला हवे. वायरचा संशय असेल तर सेन्सर सोडवून ओपनरजवळ आणावेत आणि वीतभर तारेने जोडावेत. तिथे चालले तर सेन्सर चांगले, दोष भिंतीतल्या तारेत. अशी तपासणी संपल्यावर दोन्ही सेन्सर समोरासमोर बांधून छतावरच ठेवून देण्याची क्लृप्ती काही घरांत आढळते. त्याने दार लागते, संरक्षण संपते. अमेरिकेत घर घेताना होणाऱ्या तपासणीत ही गोष्ट आणि ६ इंचांवर गेलेली उंची हमखास नोंदली जाते. तिथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी अहवालातली ही ओळ किरकोळ समजू नये.

महाराष्ट्रात असे गॅरेज दुर्मीळ, पण बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या सरकत्या गेटवर याच तत्त्वाचे ‘फोटोसेल’ असतात. त्यांची जोडणी वेगळी असते. रिसीव्हरमध्ये रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) असतो आणि त्याचा एरवी जोडलेला राहणारा (‘नॉर्मली क्लोज्ड’) संपर्क कंट्रोल बोर्डच्या फोटोसेल टर्मिनलला जातो. फोटोसेल नसलेल्या गेटमध्ये त्या टर्मिनलवर तारेचा छोटा जंपर मारलेला असतो. फोटोसेल बसवताना तो काढायचा राहिला तर दिवे व्यवस्थित लागतात, पण किरण अडला तरी गेट थांबत नाही.