अस्थिमृत्यू, खुब्यातील : शोथाचे कार्य

मांडीच्या हाडाच्या (ऊर्वस्थीच्या) गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील हाड मृत होण्याची अवस्था. रुग्णांच्या तोंडी ती ‘एव्हीएन’ (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) म्हणूनच येते. ऊर्वस्थीच्या मानेचा अस्थिभंग, खुबा निखळणे, मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडे, अतिमद्यपान आणि सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार ही प्रमुख कारणे. फेणी असो वा बिअर, प्रश्न पोटात गेलेल्या एकूण अल्कोहोलचा असतो.

शोथ (दाह, इंग्रजीत इन्फ्लमेशन) हे या अस्थिमृत्यूचे कारण की परिणाम, हा वाद जुना आहे. स्वीडनचे वाल्डेनस्ट्रॉम यांनी 1909 मध्ये मुलांच्या खुब्यातील अस्थिमृत्यूचा विकार (आजचा ‘पेर्थेस विकार’) क्षयजन्य मानला. 1910 मध्ये लेग (अमेरिका), काल्वे (फ्रान्स) व पेर्थेस (जर्मनी) यांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला. पैकी पेर्थेस यांनी त्याची गणना संधिशोथातच केली. पुढे जंतुसंसर्गाविना, केवळ रक्ताअभावी हाड मरते हे मत स्थिरावले आणि शोथाचा विचार मागे पडला. अलीकडे तो परतला आहे, पण जंतूंवाचूनच्या शोथाच्या रूपात.

रक्त थांबल्यावर मज्जेतील रक्तजनक पेशी साधारणतः 6 ते 12 तासांत, तर अस्थिपेशी 12 ते 48 तासांत मरतात. फुटलेल्या पेशींतून निसटणारी एचएमजीबी-1 सारखी प्रथिने महाभक्षी पेशींवरील (मृत पेशी व जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, मॅक्रोफेज) टीएलआर-4 या संकेत टिपणाऱ्या ग्राहींना चेतवतात. त्यातून टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-1 बीटा व इंटरल्यूकिन-6 ही शोथ वाढवणारी प्रथिने स्रवतात. हाड खाणाऱ्या पेशी वाढतात, रचणाऱ्या मंदावतात. मृत हाड काही काळ भार पेलते. ते ढासळते ते बहुधा जिवंत भागाच्या सीमेवर, जिथे झीज भरणीच्या पुढे धावते. उपास्थीखालचा (सांध्यावरील कूर्चेखालचा) हाडाचा थर मोडला की क्ष-किरण चित्रात चंद्रकोरीसारखी रेषा उमटते. महाभक्षी पेशींचे शोथकारी (एम-1) रूप दुरुस्तीकारक (एम-2) रूपात वेळेवर न पालटल्यास शोथ रेंगाळतो. पेर्थेस विकार झालेल्या मुलांच्या संधिद्रवात इंटरल्यूकिन-6 वाढलेले आढळले आहे.

स्टेरॉइडे शोथ दाबतात, तरीही हाच विकार जडवतात. त्यामुळे किमान या रुग्णांत तरी आरंभाचा दोष शोथाला देता येत नाही. रक्तपुरवठा तुटल्याने आरंभ आणि शोथामुळे पडझड, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कर्नाटकाच्या किनारपट्टीत, विशेषतः उडुपी परिसरात, पेर्थेस विकार पूर्व किनाऱ्यापेक्षा अधिक आढळल्याचे 1980 च्या दशकातील पाहणीतून दिसते. गोवा त्याच पट्ट्याच्या उत्तरेस असला, तरी ते प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे सयुक्तिक नाही. गोव्यातील तसेच सावंतवाडी, दोडामार्गकडील रुग्ण पुढील तपासणीसाठी बहुधा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येतात.

वेदना जांघेत, क्वचित केवळ गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याचेच क्ष-किरण चित्र काढले जाते व ते निर्दोष निघते. मांडी घालून बसणे अवघड होते. प्रारंभी खुब्याचे क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसू शकते. निदान एमआरआयने होते. डोके खचण्यापूर्वी हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करतात, खचल्यावर बहुधा सांधा बदलतात. शोथरोधी गोळ्यांनी दुखणे उतरते. खचणे टळते याला निर्णायक पुरावा नाही.