ॲस्डिकपासून सोनारपर्यंत : पार्श्वभूमी

पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठावठिकाणा काढण्याचे तंत्र आज जगभर ‘सोनार’ या नावाने ओळखले जाते. हे नाव तंत्राहून सुमारे पाव शतकाने धाकटे आहे. त्याआधी ब्रिटिश नौदलात रूढ असलेल्या ‘ॲस्डिक’ या नावाभोवती एक चुकीची माहिती इतकी घट्ट चिकटली आहे की, तिचा उलगडा झाल्याशिवाय या इतिहासाचा क्रमच नीट लागत नाही.

पाण्यातील ध्वनीचा वेग 1826 मध्येच जिनिव्हा सरोवरात मोजला गेला होता. तेरा-चौदा किलोमीटर अंतरावरच्या दोन होड्यांपैकी एकीवरून पाण्याखाली घंटा वाजवली गेली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडवला गेला, आणि दुसऱ्या होडीतल्या निरीक्षकाने पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून भडका व नाद यांमधला वेळ मोजला. त्यानंतर प्रतिध्वनीचा व्यावहारिक उपयोग होण्यास 1912 मधील टायटॅनिकची दुर्घटना कारणीभूत झाली. एप्रिल 1914 मध्ये न्यूफाउंडलंडच्या समुद्रात एका विद्युतचलित कंपकाने सुमारे तीन किलोमीटरवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. मात्र त्या कंपकाची वारंवारता पाचशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाण्यातली तरंगलांबी तीन मीटरची होती. एवढ्या लांब तरंगांचा अरुंद झोत करता येत नसल्यामुळे हिमनग आहे एवढे कळे, पण कोणत्या दिशेला आहे ते नेमके सांगता येत नसे.

ही अडचण पहिल्या महायुद्धात सुटली. जर्मन पाणबुड्यांविरुद्ध दोस्त राष्ट्रांचा भर आरंभी नुसते ऐकण्यावर होता, आणि त्यासाठी शोध घेणाऱ्या जहाजाला स्वतःची यंत्रे बंद करून समुद्रात स्थिर उभे राहावे लागे. फ्रान्समध्ये क्वार्ट्झच्या चकत्या दोन पोलादी पत्र्यांमध्ये बसवून, 1880 पासून माहीत असलेल्या दाबविद्युत परिणामाच्या (दाबल्यावर स्फटिकात वीज निर्माण होणे व वीज दिल्यावर तो कंप पावणे) आधारे श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या, ध्वनीचा झोत निर्माण करण्यात आला. 1918 च्या आरंभी त्याने पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळवला. हे ज्ञान ब्रिटनला युद्धकाळातच देण्यात आले होते आणि तिथेही क्वार्ट्झवर समांतर काम सुरू झाले. ते वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले.

नावाचा गोंधळ सुरू होतो तो इथे. गुप्तता राखण्यासाठी ब्रिटिश संशोधकांनी क्वार्ट्झला ‘ॲस्डिव्हाइट’ आणि एकूण विषयाला ‘ॲस्डिक्स’ म्हणण्यास सुरुवात केली. नौदलाच्या पाणबुडीविरोधी विभागाची इंग्रजी आद्याक्षरे ‘ए-एस-डी’ अशी होती, आणि त्यांना ‘इक्स’ हा इंग्रजी प्रत्यय जोडून हा शब्द घडला. दोन दशके तो गोपनीय राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी तो जाहीरपणे उच्चारला गेला, तेव्हा 1939 मध्ये एका शब्दकोशाच्या संपादकांनी नौदलाकडे त्याची व्युत्पत्ती विचारली. उत्तर असे आले की, पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी दोस्त राष्ट्रांची एक चौकशी समिती नेमली होती व हा शब्द तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून आला आहे. पुढे इतिहासकारांनी नौदलाची दप्तरे तपासली, तेव्हा अशा नावाच्या समितीचा कुठेही मागमूस लागला नाही. तरीही ही व्युत्पत्ती कोशांत गेली आणि आजही ठामपणे उद्धृत केली जाते. ती दुरुस्त करणे अगत्याचे वाटते, कारण त्या न झालेल्या समितीमुळे सारे काम एका छत्राखाली आखून पार पडल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते फ्रेंच प्रयोगशाळेत उमगले, ब्रिटिश कार्यशाळेत घडले आणि बरेचसे योगायोगाने एकत्र आले.

‘सोनार’चीही कथा अशीच उलटी आहे. 1942 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ‘रडार’शी नाद जुळावा म्हणून हा शब्द सुचवला गेला आणि ‘ध्वनी, नौकानयन व अंतरमापन’ अशा अर्थाचा त्याचा विस्तार नंतर बसवला गेला. युद्धानंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश नौदलानेही तो स्वीकारला.

दोन युद्धांमधल्या काळात ॲस्डिकवर ठेवला गेलेला विश्वास अवाजवी होता. पाणबुड्यांपासून पहिल्या महायुद्धातल्या 1917 सारखे संकट पुन्हा उद्भवणार नाही, असे ब्रिटिश नौदलाने 1937 मध्ये मानले होते. परंतु हे यंत्र बुडी मारलेल्या पाणबुडीसाठी होते. रात्री पृष्ठभागावरून हल्ला करणारी पाणबुडी त्याच्या कक्षेबाहेर राही. ऑक्टोबर 1940 मध्ये अटलांटिकमधल्या 35 जहाजांच्या एका ताफ्यातली 20 जहाजे बुडाली ती बहुतांशी अशाच हल्ल्यांत. शिवाय पाणबुडीच्या अगदी जवळ पोहोचल्यावर झोत तिच्यावरून पुढे निघून जाई, आणि जहाजाच्या मागच्या बाजूने स्फोटके टाकण्याच्या ऐन क्षणी तिचा माग सुटे. पुढच्या बाजूला मारा करणारी शस्त्रे आल्यावरच ही उणीव भरून निघाली.

तिसरी मर्यादा खुद्द समुद्राची होती. क्यूबाजवळच्या सरावात सकाळी उत्तम चालणारी यंत्रे दुपारी निकामी झाल्यासारखी वागत. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला तीन-चार मीटरने वाढतो. उन्हाने वरचा थर तापला की झोत खालच्या थंड पाण्याकडे वाकतो आणि पुढे ध्वनीची सावली पडते. त्या सावलीत पाणबुडी निर्धास्त राहू शकते. म्हणूनच खोलीनुसार तापमान नोंदवणारे, टॉर्पेडोसारख्या लांबट आकाराचे छोटे उपकरण पाणबुडीविरोधी जहाजांवर अत्यावश्यक ठरले.

शांततेच्या कामांची सुरुवात याआधीच झाली होती. 1925 ते 1927 मध्ये एका जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये प्रतिध्वनीने साठ हजारांहून अधिक ठिकाणी खोली मोजली आणि सपाट समजला जाणारा तळ डोंगराळ असल्याचे दाखवले. युद्धकाळात काही शे मीटर खोलीवर एक ‘खोटा तळ’ आढळला, जो रात्री वर येई व पहाटे खाली जाई. ते मासे व सूक्ष्म प्राण्यांचे थवे होते. 1948 मध्ये जपानमध्ये मासे शोधणारी यंत्रे बाजारात आली. पुढे एकाच वेळी अनेक झोत टाकून तळाचा रुंद पट्टा मोजणारे सोनार आधी लष्करी गुप्ततेत आणि 1970 च्या दशकात नागरी सर्वेक्षणात आले. तरीही आधुनिक पद्धतीने मोजलेला सागरतळ आज चतुर्थांशाहून थोडाच अधिक आहे.

अलीकडचा वाद देवमाशांचा आहे. मार्च 2000 मध्ये बहामा बेटांवर, नौदलाच्या मध्यम वारंवारतेच्या सोनारचा सराव चालू असताना, 17 सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले, आणि पुढल्या वर्षीच्या सरकारी अहवालाने सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण मानले. 2002 मध्ये कॅनरी बेटांजवळ तसेच घडले. तिथल्या मृत देवमाशांच्या ऊतींत वायूचे बुडबुडे आढळले, जसे खोलातून घाईने वर आलेल्या पाणबुड्या माणसाच्या शरीरात आढळतात. स्पेनने 2004 मध्ये त्या बेटांभोवती अशा सोनारच्या वापरावर बंदी घातली, आणि पुढल्या जवळजवळ नऊ वर्षांत तिथे देवमासे असे सामूहिकरीत्या किनाऱ्याला लागल्याची नोंद झाली नाही.