लॅपटॉपवर पास, एस३९०एक्सवर नापास: पार्श्वभूमी

डेबियन या लिनक्स वितरणातलं एखादं पॅकेज इंटेलवर सगळ्या चाचण्या पास होतं आणि एस३९०एक्सवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, अडतं, तेव्हा पहिला संशय यंत्रावर जातो. दोष बहुतेक वेळा कोडमध्येच असतो, आणि तोही जुना.

एस३९०एक्सचं मूळ आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० मध्ये आहे. तिथे संख्येचा मोठा बाइट आधी येतो, हे बिग-एंडियन. इंटेलच्या ८००८ प्रोसेसरने (१९७२) लहान बाइट आधी घेतला. तो क्रम डेटापॉइंट २२०० चा. ते यंत्र एकेक बिट घेऊन बेरीज करायचं, आणि हातचा न्यायचा तर लहान टोकाकडूनच सुरुवात करावी लागते.

१९९० च्या दशकात स्पार्क, पीए-रिस्क अशी बिग-एंडियन वर्कस्टेशनं सर्रास होती. कोड दोन्ही बाजूंनी घासून निघायचा. पुढे डेबियनने २०१७ च्या आवृत्तीतून पॉवरपीसी वगळलं, २०२१ च्या आवृत्तीतून बिग-एंडियन मिप्स. अधिकृत यादीत बिग-एंडियन म्हणून एस३९०एक्स एकटं उरलं, आणि चुका सापडायची जागाही तेवढीच.

लॉगमध्ये १ च्या जागी १६७७७२१६ दिसलं, की चार बाइट उलटे वाचले गेलेत. २५८ चे ५१३ झाले, तर दोन. शून्य आलं तर वेगळं शोधा: सी भाषेतल्या आठ बाइटच्या ‘लाँग’चा पत्ता चार बाइटच्या ‘इंट’चा समजून कुणीतरी पुढे दिलाय. त्यात ५ असेल तर इंटेलवर पहिल्या चार बाइटांत ५ च मिळतो, म्हणून चूक झाकली जाते. एस३९०एक्सवर तिथे नुसती शून्यं असतात. कंपायलरने पॉइंटरबद्दल (पत्त्याबद्दल) दिलेली धोक्याची सूचना कास्ट करून, म्हणजे प्रकार बळेच बदलून, गप्प केली असेल, तर नेमकी तीच ओळ पाहा.

सी भाषेतल्या ‘चार’चा (char, एका बाइटचा प्रकार) घोळ निराळा. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर तो चिन्हासहित (उणे संख्याही धरणारा) होता, आयबीएमकडे चिन्हाविना; १९८९ च्या मानकाने निर्णय कंपायलरवर सोडला. लिनक्सवर इंटेल चिन्हासहित. आर्म, रिस्क-फाइव्ह, एस३९०एक्स चिन्हाविना. सोलापुरात एकाच यादीत मराठी, तेलुगू, कन्नड नावं यायचीच. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत या तिन्ही लिप्यांतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, आणि पहिला बाइट २२४. इंटेलवर ‘चार’मध्ये तो उणे ३२ होतो, तो थेट तक्त्याचा क्रमांक म्हणून वापरला तर वाचन तक्त्याबाहेर जातं. आर्मवाल्या रास्पबेरी पायवर मात्र २२४ च राहतो. म्हणजे इथे चुकतो तो लॅपटॉप! इंग्रजी नावांवर लिहिलेली चाचणी हे कधीच पकडणार नाही. उलट, एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारचं उत्तर ‘चार’मध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची उणे संख्येतली खूण) ताडलं, तर आर्मवर लूप संपतच नाही आणि लॉगमध्ये फक्त टाइमआउट दिसतो.

‘चार’ची तपासणी घरच्या लॅपटॉपवरच होते: जीसीसी कंपायलरला ‘-एफअनसाइन्ड-चार’ (-funsigned-char) हा पर्याय देऊन चाचण्या पुन्हा चालवा. बाइटक्रमासाठी क्यूईएमयू या एम्युलेटरचं (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचं) युजर-मोड पॅकेज आणि परके प्रोग्राम त्याच्याकडे सोपवणारं बिनएफएमटी बसवा, डीबूटस्ट्रॅपने एस३९०एक्सचं क्रूट (वेगळ्या फोल्डरातली छोटी डेबियन) उभं करा आणि पॅकेज त्यातच बांधा. हे बरंच संथ चालतं, म्हणून टाइमआउटची मर्यादा आधीच वाढवा. युजर-मोडमध्ये पीट्रेस (एका प्रोग्रामने दुसऱ्यावर नजर ठेवायची सोय) चालत नाही. म्हणून जीडीबी किंवा एसट्रेस या ती वापरणाऱ्या साधनांवर विसंबलेल्या चाचण्या तिथे पडल्या तर त्या जमेस धरू नयेत.