पोर्तुगालचा निवासी व्हिसा: अर्ज अडतो तो जुन्या कागदांवर

डिचोली, पेडणे, सत्तरीतून कामासाठी पोर्तुगालला निघालेल्यांचे कागद मी अर्जाआधी तपासून देतो. फॉर्म, फोटो, विमा, बँक स्टेटमेंट, नोकरीचा करार यात फारसं कुणी चुकत नाही. अर्ज परत येतात ते घरातल्या जुन्या दाखल्यांमुळे.

आधी एक सांगतो. टुरिस्ट व्हिसावर जायचं, काम धरायचं आणि तिथंच राहण्याचा परवाना मागायचा, ही वाट 3 जून 2024 ला बंद झाली. एजंट अजून तेच सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका. निवासी व्हिसा इथूनच घेऊन निघायचं.

आता लग्नाचा दाखला. पुढेमागे जोडीदाराला न्यायचं असेल तर तो लागणारच. गोव्यात ही नोंदणी दोन सह्यांची. पहिल्या सहीला फक्त लग्नाचा इरादा नोंदवतात. दुसरी सही झाली की मगच लग्न नोंदवहीत चढतं. मधल्या दिवसांत मांडवातलं लग्न लागतं, पाहुणे जातात आणि दुसरी सही राहून जाते. एका ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद माझ्यापुढे ठेवला. बारा वर्षांचा संसार, दोन मुलं, आणि कागद पहिल्या सहीचा! त्या तिथंच रडायला लागल्या. पहिल्या सहीच्या वेळी खिडकीवरच्या माणसाने दोन वाक्यांत हे समजावलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमचा कागद आजच काढून वाचा. शंका वाटली तर व्हिसाचं बघण्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जा.

दुसरी अडचण नावाची. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे रीत. मग जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. आडनावाचंही तेच. 'गावकर' इंग्रजीत कुणी 'ओ' घालून लिहितं, कुणी 'यू' घालून. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, परक्या अधिकाऱ्याला दोन दिसतात. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, मूळ नोंदच दुरुस्त करून घ्या. आणि हे अपोस्टिलच्या, म्हणजे दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणाऱ्या शिक्क्याच्या आधी, कारण दाखला नवा निघाला की अपोस्टिलही नव्याने करावं लागतं. दाखल्यावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, हा क्रम उलटा चालत नाही. लॅमिनेट केलेला दाखला असेल तर नवी प्रत काढा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या साइटवरून मिळतो. त्यावर देशाचं नाव छापलेलं असतं, म्हणून भावाने दुबईसाठी काढला तसाच तुमचाही चालेल असं धरू नका.

व्हिसा हातात आल्यावरही एक चूक होते. हा व्हिसा 120 दिवसांचा, दोनदा प्रवेशाचा असतो आणि तेवढ्यात तिथल्या 'आयमा' या खात्याकडून निवास परवान्याचं काम मार्गी लावायचं असतं. दिवस स्टिकरवरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही लिस्बनला उतरल्यापासून नव्हे. 'चवथ करून निघतो' म्हणत कितीतरी मुलं महिनाभर घरी थांबतात आणि तो महिना त्यांच्याच खात्यातून जातो. घरची चवथ चुकवा असं मी कुणालाच सांगणार नाही. अर्ज भरतानाच प्रवासाची तारीख विसर्जनानंतरची द्या.