दुसऱ्या राज्यात घर घेताना: एजंट कसा निवडावा आणि त्याचे पैसे कोण देतं

अमेरिकेत एडिसनहून डॅलसला किंवा शिकागोहून कॅरीला बदली ठरली की आधी घरांचे फोटो बघणं सुरू होतं. वेबसाइटवर घराच्या फोटोखालचं टूरचं बटण दाबलं जातं आणि ज्याचा फोन पहिला येतो तोच आपला एजंट ठरतो. ते बटण दाबण्याआधी एवढं वाचून घ्या.

आधी पैशांचं

पूर्वी विकणाऱ्याचा एजंट एमएलएसवरच (विक्रीच्या घरांची एजंटांची सामायिक यादी) लिहून टाकायचा की खरेदीदाराच्या एजंटला किती टक्के मिळतील. त्यामुळे खरेदीदाराला वाटायचं, आपला एजंट फुकटच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसूरीतल्या ज्युरीने या पद्धतीविरुद्ध निकाल दिला. पुढे मार्च २०२४ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू झाले.

आता एमएलएसवर तो आकडा लिहिता येत नाही. एमएलएस वापरणाऱ्या एजंटबरोबर घर बघायचं, तर आधी लेखी करार लागतो. तुम्ही लांब असाल आणि एजंट घरात उभा राहून फोनवर लाइव्ह व्हिडिओ दाखवणार असेल, तरीही लागतो. ओपन हाऊसला स्वतःहून गेलात तर लागत नाही. करारात एजंटची फी स्पष्ट लिहिलेली हवी: टक्के, ठरावीक रक्कम किंवा तासाचा दर. ‘सेलर देईल ते’ असं मोघम चालत नाही. आणि लिहिलंय त्यापेक्षा जास्त एजंटला कोणाकडूनही घेता येत नाही.

समजा घर ५,००,००० डॉलरचं आहे आणि करारात अडीच टक्के लिहिलेत, म्हणजे १२,५०० डॉलर. सेलर दोन टक्के द्यायला तयार झाला तर १०,००० तिकडून येतील आणि २,५०० तुमच्या खिशातून जातील. सेलरने तीन टक्के देऊ केले तरी एजंटला १२,५०० च मिळतील. ही फी सहसा कर्जात घालता येत नाही. क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) दिवशी डाउन पेमेंटच्या वर ती रोख लागते, आणि नेमकी याच ठिकाणी लोकांची तारांबळ उडते. तुमची फी सेलरने द्यावी अशी मागणी ऑफरमध्ये करता येते आणि पुष्कळ सेलर आजही ती मान्य करतात. मात्र एका घरावर चार ऑफर असतील, तर अशी मागणी असलेली ऑफर मागे पडू शकते, हे धरून चाला.

टक्केवारी कायद्याने ठरलेली नाही. घासाघीस करायला लाजू नका. भाजीवाल्याशी करतो, इथे तर रक्कम हजारांत आहे. काही एजंट आपल्या कमिशनमधला थोडा भाग खरेदीदाराला परत देतात. पण अलास्का, कॅन्सससारख्या काही राज्यांत त्याला मनाई आहे.

कंपनी बदली करत असेल तर

एजंटशी बोलण्याआधी एचआरला फोन करा. पुष्कळ पॅकेजांत रिलोकेशन कंपनीच्या यादीतलाच एजंट घ्यावा लागतो. स्वतः आधीच कुणाशी करार केलात तर क्लोजिंगच्या खर्चाची भरपाई बुडू शकते. यादीतला एजंट आपल्या कमिशनचा मोठा हिस्सा त्या कंपनीला रेफरल (गिऱ्हाईक पाठवल्याची फी) म्हणून देतो. त्याच्याशी फीबद्दल बोलताना हे लक्षात असू द्या. कंपनीने दिलेली भरपाई पगारात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो. तो कर कंपनी भरणार का, हे लेखी विचारा.

माणूस कसा पारखायचा

परवाना राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. खरी पारख त्या राज्याच्या रीतीभातींवर होते. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलाला तपासायला तीन कामाचे दिवस मिळतात, म्हणून तिथून नॉर्थ कॅरोलायनाला जाणारी मंडळी निर्धास्त असतात. पण नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्स फी (घर तपासायला मुदत मिळावी म्हणून दिलेली रक्कम) थेट सेलरला द्यावी लागते आणि तुम्ही मागे फिरलात तर ती परत मिळत नाही. टेक्सासमध्ये थोडी फी भरून ऑप्शन पिरियड घेतात आणि त्या मुदतीत कारण न देता बाहेर पडता येतं. हे सगळं एजंटने तुम्ही न विचारता सांगायला हवं. सांगत नसेल तर दुसरा बघा.

एजंट कायद्याने नक्की कोणाच्या बाजूचा आहे, तेही विचारा. फ्लोरिडात आणि कोलोरॅडोत वेगळं काही लिहिलं नसेल तर तो ‘ट्रान्झॅक्शन ब्रोकर’ मानला जातो. तो व्यवहार पार पाडतो, पण तुमची बाजू लढवत नाही.

‘तिथे आपली माणसं किती आहेत?’ हा प्रश्न आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारं जवळपास प्रत्येक कुटुंब विचारतं. एजंटला विचारून उपयोग नाही. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वस्तीतल्या लोकांच्या वंशावरून किंवा धर्मावरून तो घरं सुचवू शकत नाही. उत्तर टाळलं म्हणून तो माणूस तुसडा आहे असं समजू नका. त्यासाठी महाराष्ट्र मंडळ आहेच.

नवं बांधकाम बघायला जाणार असाल तर पहिल्याच भेटीला एजंटला बरोबर न्या. तुम्ही एकटे जाऊन नाव नोंदवून आलात, तर पुष्कळ बिल्डर नंतर एजंटची फी द्यायला नकार देतात. सेल्स ऑफिसमधली हसतमुख व्यक्ती बिल्डरची असते.

सही करण्याआधी

पहिला करार छोटा ठेवा: एका दौऱ्यापुरता, एका काउंटीपुरता. सहा महिन्यांचा एक्स्क्लुझिव्ह (एकाच एजंटमार्फत घर घेण्याचा) करार अनोळखी माणसाशी पहिल्याच फोनवर करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. करार संपल्यावरही त्याने दाखवलेलं घर घेतलंत तर फी किती दिवस लागू राहते, ते कलम शोधून वाचा.

आमच्याकडे एजंटचा परवाना नाही, त्यामुळे एजंटकडून रेफरल फी आम्ही घेत नाही आणि कायद्यानेही घेऊ शकत नाही. आमची फी तुम्हीच देता आणि ती आधी ठरलेली असते. एजंटने पाठवलेला करार सहीच्या किमान एक दिवस आधी आमच्याकडे पाठवा. फीचं कलम, मुदत आणि रद्द करण्याची अट यांवर खुणा करून आम्ही तो परत पाठवतो. त्यात कायदेशीर गुंता दिसला तर त्या राज्यातल्या वकिलाकडे जायला सांगतो.